मायच्या वाट्याचा उपास

माही माय कॅन्सरनं मेली नाई.

हे आधीच लिहून टाकतो. लोक अजून फोनवर विचारते, "कॅन्सरच होता ना बे तिले?"

होता. पण तो गेला. माय त्याच्यानंतर कितीक वर्षं राह्यली, रोवणे केले, लग्नं जेवली, मले शिव्या दिल्या.

आज तिले जाऊन वर्ष झालं. दुपारी जेवली, खाटेवर आडवी झाली अन् झोपेतच गेली. हार्ट म्हणे.

मी तेव्हा इथीच, मोरबीत, टाइल्सच्या कंपनीत. त्याच्याआधी सुरत, त्याच्याआधी हैदराबाद. एका जागी माहा जीवच लागत नाई.

आमचं गाव चंद्रपूरकडच्या सावली तालुक्यात. सगळा धानाचा पट्टा. माय रोवण्याच्या टोळीत होती. रोवणा म्हणजे धानाची लावण, इकडचे दोस्त वाचते म्हणून सांगतो.

छातीत गाठ लागली ते तिनं मले नाई सांगतलं. टोळीच्या कौशल्याबाईले सांगतलं. कौशल्याबाईनं गावच्या आरोग्यवाल्या आशाताईले, अन् आशाताईनं धरून चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं.

रिपोर्ट आला तसा मी गावाले गेलो.

माय म्हणे, "तू इथी बसून काय करशीन? गाठ तुले भिऊन पळणार हाय का?"

केमो सुरू झाली ती ऐन रोवण्यात. तेव्हा बायांले पाणी प्यायची फुरसत नसते. तरी टोळीनं ठरवलं, दरवेळी एक जण शांतासोबत बसनं जाईन. शांता म्हणजे माही माय. तिच्या वाट्याची ओळ बाकीच्या रोवतीन अन् तिची हजेरी लागंनच.

मी निवांत सुरतले परत आलो, तेव्हा तिथी होतो.

अन् घोळ झाला.

मायसाठी टोळीतल्या बायांनी उपास धरले. प्रत्येकीचा देव येगळा, वार येगळा. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कौशल्याबाईचा शनवार.

मायले वाटलं, माह्यासाठी साऱ्या उपाशी अन् मी कशी जेवू?

तिनं सगळ्यांचेच वार धरले. कोणाले न सांगता.

दवाखान्यात रक्त तपासलं. कमी. केमो न देता परत पाठवलं.
पुढच्या खेपेले पुन्हा परत.

सिस्टर कौशल्याबाईले म्हणे, "ही जेवत नाही का?"

"जेवते ना."

"काल काय खाल्लं?"

माय हळूच म्हणे, "काल सोमवार होता."

"अन् परवा?"

"परवा रविवार. खाल्लं थोडं. त्याच्याआधी शनवार होता."

कौशल्याबाईनं तिच्याकडं पाह्यलं. "शनवार तर माहा हाय वं."

सिस्टर हसली पण अन् रागावली पण. म्हणे, असंच चाललं तर औषध देताच येणार नाही अन् गाठ काही थांबणार नाही.

येताना बस मूल गावाले थांबली. कौशल्याबाई स्टँडवर उतरली, उकडलेले अंडे आणले.

"आज मंगळवार, देवीचा," माय म्हणे.

"देवीले मी सांगीन. तू खाय चुपचाप."

दुसऱ्या दिवशी बांधीतच, धानाच्या वावरात, बैठक बसली, पायाखाली चिखल अन् हातात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं. फैसला असा झाला का उपास आपण करायचा, जेवायचं शांतानं. अन् जिचा उपास, तिच्या घरचं त्या दिवशीचं कालवण शांताच्या घरी.

देवाले पण हिशेब पटला असंन. घरी मासोळ्या, वरण, अंबाडीची भाजी, अंडे, सगळं येऊन राह्यलं.

माय फोनवर म्हणे, "कॅन्सरचं राहू दे बाप्पा, ह्या बायाच मले खाऊ घालू घालू मारते."

तिचा आवाज ऐकला अन् मले कळलं, आता माय बरी होते.

पुढच्या खेपेले रक्त पुरेसं निघालं. केमो झाली. ऑपरेशन झालं. सगळं पुरं झालं.

पुढच्या रोवण्यात माय ओळीत उभी होती. केस पोट्ट्यासारखे बारके.

अन् दवाखान्यातून ती एक आणखी गोष्ट शिकून आली होती.

बांधीत प्यायचं पाणी फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या डबकीत, म्हणजे प्लास्टिकच्या कॅनमध्ये, येत होतं. धुतली का झाली साफ, असंच आम्ही समजत होतो. मी पण तेच पाणी पिऊन मोठा झालो.

मायनं विळा घेतला अन् डबकीले भोक पाडलं. मग दुसरीले. मग मालकाच्या कोठ्यातल्या साऱ्या.

मालक म्हणे, "शांताबाई, चांगल्या डबक्या काऊन फोडून राह्यली?"

"भाऊ, चांगल्या असतीन तर एक आपल्या घरच्या माठाजवळ ठेवा."

दुसऱ्या दिवशी पाण्यासाठी नवा ड्रम आला.

तिले कॅन्सर डबकीनं झाला असं कोण्या डॉक्टरनं म्हटलं नाई. तिनं पण कधी म्हटलं नाई. म्हणायची, "कायनं झाला ते मले मालूम नाई. पण जहराच्या डबकीत पाणी काऊन प्यायचं?"

मग आशाताईसंगं ती समाजमंदिरात बसू लागली. गाठ कशी पाहायची, फवारणीचे कपडे येगळे काऊन धुवायचे, चुलीच्या धुराले वाट काऊन पाह्यजे. बाजूच्या गावच्या बाया पण येऊ लागल्या.

त्यातलीच एक सुनंदा. माह्याएवढी असंन. सध्या तिची केमो चालू हाय अन् टोळी तिच्यासंगं जाते.

आज सकाळी कौशल्याबाईचा फोन आला. वर्षाचं जेवण टोळीनंच केलं, भाताच्या मोठ्या गंजासकट, म्हणजे पातेल्यासकट.

मी विचारलं, "मायच्या नावाचं पान काढलं का?"

म्हणे, "काढलं ना. सुनंदाच्या पुढं ठेवलं. पोरगी कालच चंद्रपूरवरून आली. दोनदा भात घेतला तिनं."

मले बरं वाटलं एवढंच.

शांताबाई, सावलीकडची. रोवणा केला, बिमार पडली, बरी झाली, पुन्हा रोवणा केला.

माय, तुले तुह्या लेकाचा अन् साऱ्या टोळीचा मनापासून नमस्कार.