खोक्यातला बाहुला पोहत गेला

आमच्या गावात टीव्ही मी आणला. हसू नका, खरंच सांगते. रिसोडपासून दोन कोसांवरचं गाव, सत्तरीचं दशक. वीज आली होती ती फक्त पिठाच्या गिरणीपर्यंत, आणि टीव्ही कशाशी खातात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी माझ्या पहिलीच्या वर्गात तो रोज सुरू व्हायचा.

झालं असं, की उन्हाळ्यात मी शिक्षिकांच्या शिबिराला पुण्याला गेले. उतरले त्या घरी टीव्ही होता. एका संध्याकाळी त्यात मुलांचा कार्यक्रम लागला. एक कापडी बाहुला आकडे मोजायचा, सारखा चुकायचा, आणि घरातली लेकरं ओरडून ओरडून त्याला दुरुस्त करायची. मी मनात म्हटलं, एवढंच ना? हे तर मलाही जमतं! खुमखुमी फार होती माझ्यात तेव्हा. आता कमी झाली असं कोणी म्हणत नाही.

गावी आल्यावर एक लहानसा वाळका दुधी घेतला. देठाकडे बोटापुरतं भोक पाडलं, कोळशाने डोळे काढले, कुंकवाने तोंड रंगवलं आणि खाली माझ्या जुन्या पोलक्याचा झगा शिवला. वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलं, त्याला खिडकी कापली आणि ते टेबलावर ठेवलं. टेबलामागे मी खाली बसायची आणि हात वर करून बाहुला नाचवायची. हेडमास्तर म्हणाले, "बाई, ही शाळा आहे का तमाशा?" मी म्हटलं, "महिनाभर पाहा, मग बोला." महिनाभरात पोट्टे वीसपर्यंतच्या बेरजा करायला लागले.

वर्गात एक मुलगी होती, शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसणारी. शाळेच्या पहिल्याच दिवशी हेडमास्तर कोणावर तरी खेकसले आणि तेव्हापासून हिचं तोंड बंद झालं ते झालंच. मी गोंजारलं, रागावले, गूळ दिला. काही नाही. पण बाहुला "चार आणि दोन सात!" म्हणाला, की ही ताडकन उठायची. "सहा रे येड्या, सहा!" बोलायची ती फक्त त्याच्याशी. मी खोक्यामागून डोकं वर काढलं, की गप्प.

भादव्यात तिचा बाप शाळेत आला. साधा शेतकरी माणूस, चार एकर कपाशी. म्हणाला, "बाई, घरी तं पोट्टी टरटर बोलते. शाळेत तोंड उघडत नाई म्हणतात. मंग शाळा कायले? दिवाळीनंतर मी तिले कापूस वेचाले नेतो."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "कोजागिरीनंतरच्या सोमवारी या. तुमच्यासमोर बेरजा करून दाखवते ती. नाही केल्या तर खुशाल न्या."

"शब्द देता?"

"दिला."

बाहुला होता ना माझ्याकडे. मला कशाची भीती?

तेवढ्यात भुलाबाई बसल्या. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी मातीची भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून आतली खिरापत ओळखायला लावतात. पोरी माझ्याकडे आल्या. "बाई, बाहुल्याले भुलाबाईजवळ बसवू द्या ना. खिरापत ओळखाले पायजे थो." मी फुशारून गेले. दिवसा शाळा, संध्याकाळी भुलाबाई, अशी त्याची ड्युटी लागली. डब्यात शेंगदाणे असले तरी तो जिलेबीच म्हणायचा आणि पोरी लोळून हसायच्या.

ठरलेल्या सोमवारी सकाळी खोक्यात पाहिलं तर बाहुला नाही.

"कुठं गेला गं?"

"बाई, काल शिरवला ना त्याले भुलाबाईसंगं."

"नदीत?"

"हाव. भुलाबाई बुडली. थो नाई बुडला, बाई! पोहत पोहत गेला."

दुधीच तो, तरंगणारच. ओरडणार होते, पण ओरडू कोणावर? विसर्जनाच्या दिवशी हळदकुंकू लावून पाटावर मांडलेलं पुन्हा घरात नेत नाहीत, हे मी माझ्या आईच्या मांडीवर बसून शिकले होते. पोरींनी रीत पाळली. विसरले मी, कारण माझ्या लेखी तो बाहुला नव्हताच, टीव्ही होता. त्याला नदीत सोडलं होतं तेही त्याच शेवटच्या रांगेतल्या मुलीने, दोन्ही हातांनी, हळूच. हे तिच्या मैत्रिणीने सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली पाहत होती.

आणि दारात तिचा बाप. शब्दाचा पक्का, सांगितल्या वेळेला हजर.

आता काय करावं? दुसरा दुधी रंगवायला वेळ नव्हता. मी तशीच टेबलामागे बसले, मुठीला रुमाल गुंडाळला आणि खिडकीत धरला. आवाज बारीक काढला. "पाच आणि तीन नऊ!"

पोट्ट्यांना दिसतच होतं, की ही बाईंची मूठ आहे. मी पुन्हा म्हटलं, "पाच आणि तीन नऊ!" आवाज बाहुल्याचा निघालाच नाही, माझाच निघाला. वाटलं, गेली पोर. माझ्या बढाईपायी गेली.

मग पावलं वाजली. ती खोक्यासमोर थांबली नाही. वळसा घालून थेट टेबलामागे आली आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "बाई, आठ व्हतात. थो गेला तं आता तुमी चुकून राह्यल्या काय?"

सगळा वर्ग खदखदून हसला. मीही हसले, आणि हसता हसता रडू फुटलं. पण डोळे पुसायलाही मी मूठ खाली घेतली नाही. दारातून बापाचा आवाज आला, "वेचणीले मी दुसरं कोणी पाहतो, बाई."

मी रुमालाची मूठ तिच्याकडे वळवली. "आणि सहा आणि तीन?"

"नऊ," ती म्हणाली. "पण बाई, तुमी आता बाहेर येऊन इचारा ना."

मी उठले आणि बाहेर आले.