पंखावरचा ठिपका

"भाऊजी, हे गेले हो..." विश्वनाथच्या बायकोचा, शैलावहिनींचा, फोन आला तेव्हा मी पिंगळीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. त्याला आता दीड महिना झाला.

विश्वनाथ आणि मी परभणीच्या एकाच कॉलेजात शिकवलं. तो कीटकशास्त्र, मी मराठी. त्याचा जीव एका बारक्या माशीवर जडला होता. डोकं म्हणजे नुसते दोन डोळे. ती तुडतुड्याच्या अंगात अंडं घालते आणि अळी त्याला आतून खाऊन बाहेर पडते. कपाशीवरचे तुडतुडे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक, पण ही माशी कुणाच्या गावीही नव्हती. पंखांवरच्या शिरा आणि कडेचा काळा ठिपका बघून विश्वनाथ तिच्या जाती लावत बसे. "माश्या मारणं इतकं मनावर घेतलेला माणूस मी पाहिला नाही," असं मी चिडवायचो, आणि तो खुशाल हसायचा.

एकदा तो लग्नाला पाथरीला गेला आणि त्या माशीच्या कोषांच्या काचनळ्या माझ्याकडे सोपवून गेला. "माशी निघाली की दोन दिवस तशीच राहू दे, मग मार," एवढंच सांगितलं होतं. माशी निघाली, काचेवर धडका मारू लागली. पळून जाईल या धास्तीनं मी तिला लगेच मारलं, आणि तो आल्यावर सांगितलं, दोन दिवस ठेवली होती. तिच्या पंखावर ठिपका नव्हता. विश्वनाथ हरखला. "लय येगळी हाय रे ही!" नव्या जातीला वहिनींचं नाव द्यायचं ठरलं. वहिनी लाजून आत गेल्या, पण आठवडाभर शेजारीपाजारी सांगत होत्या.

पुढच्या हंगामात त्यानं बोरी गावच्या शेतातून आणखी कोष आणले. प्रत्येक माशी बिनठिपक्याची निघायची आणि दुसऱ्या दिवशी ठिपका भरायचा. लिहून ठेवलेला लेख त्यानं फाडला. "माझी घाई नडली," म्हणाला. मी तेव्हाही खरं सांगितलं नाही... वहिनींच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही.

परवा वहिनींनी त्याची टाचणीला टोचलेल्या माश्यांची पेटी उघडली; प्रत्येक माशीखाली नावाची चिठ्ठी. या कामात जुनी चिठ्ठी फेकत नाहीत; चूक कळली की टाचणीला खाली दुसरी लावतात. त्या बिनठिपक्याच्या माशीच्या वरच्या चिठ्ठीवर शैलावहिनींचं नाव होतं. खालच्या चिठ्ठीवर त्याच्या अक्षरात: 'नवी जात नव्हे. ठिपका भरण्याआधी मारली. चूक माझी, विश्वनाथ.'

"वहिनी, ती मी मारली होती," मी म्हणालो. "आणि खोटं बोललो."

"ह्यांना तवाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "'त्याला कधी इचारू नको, घरी यायचा बंद होईल,' म्हणले."

दीड महिन्यात पहिल्यांदा मी रडलो. वहिनींनी पेटी मिटली आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.