आसरांच्या डोहातली काच

ती सकाळ अजूनही डोळ्यांसमोर येते, आणि येते ती आधी रंगानेच. पोपटी रंग. वैशाखात वेल्ह्याच्या आसपास सारे काही पिवळे आणि राखाडी झालेले असते. अशा दिवसांत कुणी पोपटी काचेचे तुकडे तुमच्या टेबलावर ओतले, तर ते लवकर विसरता येत नाहीत.

दुसरे महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे. मी वेल्ह्याच्या ठाण्यात नवा फौजदार म्हणून आलो होतो. मूळचा भोंगवलीकडचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लोक 'साहेब' म्हणत तेव्हा मला वाटे, माझ्यामागे कुणी उभे असेल. माझे हवालदार वयाने वडिलांसारखे. सकाळची हजेरी, कोठडीची पाहणी, डायरीतली नोंद हे सगळे त्यांनीच मला हळूहळू शिकवले होते.

त्या दिवशी हजेरी आटोपते न आटोपते तोच तोरण्याच्या बाजूच्या एका वाडीचे पोलीस पाटील आले. डोक्यावरचे मुंडासे सोडून त्यांनी त्यात बांधलेले तुकडे टेबलावर ओतले. बांगड्यांचे तुकडे. काहींवर सोनेरी ठिपके होते.

"आसरांच्या डोहात सापडल्या," पाटील म्हणाले. "पाणी खाली गेलं, आन तळ दिसायला लागला. समदा तळ असाच हिरवा."

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. त्या वाडीचा डोह त्यांचा. बाया त्यांना हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्यांचा जोड वाहतात, पण तो अखंड. फुटलेली बांगडी देवाला कुणी वाहत नाही. फुटलेली बांगडी म्हणजे कुणाचा तरी नवरा गेलेला.

"कुणाचा घातपात झालाय असं वाटतं का?" मी विचारले.

"तसं न्हाई, साहेब. लोक म्हंत्यात, करनी हाय. वाडीतल्या बायांचं कुंकू पुसावं म्हनून कुणीतरी केली. दोन गडी तापानं पडल्यात, त्यामुळं समदी भ्याली." ते जरा थांबले. "नाव बी घेत्यात एका बाईचं."

ती बाई विधवा. नवरा गेला तेव्हा त्याच डोहाच्या काठी तिच्या बांगड्या फोडल्या होत्या. तेवढाच पुरावा. तिच्या मुलीचे लग्न हिर्डोशीकडच्या एका घरात ठरले होते आणि मुहूर्त तोंडावर आला होता. नवऱ्या मुलाच्या चुलत्यांच्या कानावर हे गेले, आणि येत्या बाजाराच्या दिवशी वाडीत येऊन ते दिलेला शब्द परत घेणार होते. करणी करणाऱ्या बाईची मुलगी कोण घरात घेणार? वाडीनेही त्याच दिवशी बाईला बाहेर काढायचे ठरवले होते.

हवालदार मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "साहेब, कॉलेजात आसरांचं एखादं पुस्तक शिकवलं आसंल न्हवं?"

"नव्हते," मी म्हणालो. "पण लोकांच्या पिण्याच्या पाण्यात घाण टाकणे हा गुन्हा आहे. ते मात्र शिकवले आहे."

एवढ्याशा कलमाच्या आधारावर मी निघालो.

तो डोह मला आजही स्वप्नासारखा आठवतो. दोन खडकांच्या मध्ये पाणी अगदी निश्चल होते, आणि तळाशी जणू कुणी कोवळे भात पेरले होते. चतुर पाण्यावर टेकत आणि उडत. आम्ही कुजबुजत का बोलत होतो, कोण जाणे. पंचनामा लिहिताना हवालदारांचासुद्धा आवाज खाली गेला होता.

ती बाई बोलावल्यावर आली आणि लांब उभी राहिली. वाडीच्या बाया खडकावर घोळक्याने बसल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी, वाडी तिला आज्जी म्हणे, सगळ्यांच्या वतीने बोलत होती.

"इचारा तिला, साहेब. आमची कुंकवं हिला का खुपत्यात ते."

"मावशी," मी त्या बाईला म्हणालो, "यातले तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

तिने डोहाकडे पाहिले. "माज्या एकदाच फुटल्या, साहेब. तेवड्याच माज्या हुत्या. ह्या येवड्या मी कुटनं आणू?"

पुढच्या आयुष्यात अनेक जबाब मी घेतले, पण इतका सरळ जबाब क्वचितच मिळाला. खरेच, इतक्या बांगड्या ती आणणार कुठून? मी काठाने फिरू लागलो. पाण्याच्या वर, खडकाच्या कोरड्या भेगेत मला काडाचा एक पुंजका दिसला. तो भाताचा पेंढा नव्हता. पोकळ, चकचकीत, सोनेरी काड होते ते, गव्हाचे. आमच्या भोंगवलीकडे खळ्यावर ते पायाखाली असायचे, म्हणून ओळखले. या डोंगरात भात आणि नाचणी, गहू कुठला? हे काड लांबून आले होते, आणि काचसामान पेटीत भरताना असेच काड घालतात. काडाबरोबर गोणपाटाचे चार धागेही अडकले होते.

तुकड्यांच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवले. घातलेली बांगडी आतून घासलेली असते. या तुकड्यांना कुठे घासल्याची खूणच नव्हती. या बांगड्या कुणाच्याही हातात कधी गेल्या नव्हत्या.

वेल्ह्याच्या बाजारात बांगड्यांचे दुकान एकच. दुकानदार पन्नाशीचे, नीटनेटके, मृदू बोलणारे. बाया त्यांना मामा म्हणत. बांगड्या भरून झाल्या की आपल्याकडे बाई भरणाऱ्याच्या पाया पडते. हे मामा प्रत्येकीला मनापासून आशीर्वाद देत. असा माणूस गुन्हेगार वाटत नाही. पुढे नोकरीत मी हे शिकलो, की बहुतेक गुन्हे वाईट न वाटणारी माणसेच करतात. तेव्हा मात्र त्यांच्या दुकानात बसून चौकशी करायला मला संकोच वाटत होता.

त्यांनी चहा मागवला. मी काड दाखवले.

"सगळ्याच पेट्यांत असतं हे, साहेब."

"पोपटी, सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्या तुमच्याकडे होत्या का?"

"होत्या. संक्रांतीसाठी मुंबईहून आणल्या होत्या. संपल्या."

शेजारी दोन बाया हात पुढे करून बसल्या होत्या. त्यातली एक, जाडजूड आणि हसरी, म्हणाली, "संपल्या कशा, मामा? भिंतभर टांगल्या हुत्या. आमी रोज बगून जायचो. दर उतरला की घिऊ म्हनलं, तर येक दिस भिंतच मोकळी. कुण्या राणीनं नेल्या?"

"गेल्या भोरकडं," मामा म्हणाले, आणि त्यांनी तिचा हात जरा जोराने दाबला.

"आय गं," बाई हसली. "इचारलं म्हनून मनगाट मोडू नगा."

मी बाहेर आलो आणि बाजारात नुसता हिंडत राहिलो. त्या दिवशी मी कुणाच्याही चेहऱ्याकडे पाहिले नाही, फक्त मनगटांकडे पाहिले. मिरच्या निवडणारी मनगटे, पोर सावरणारी, घोंगडीची घडी घालणारी. हिरवा रंग होता, पण गडद, नेहमीचा. पोपटी कुठेच नव्हता. भोरला मुद्दाम शिपाई पाठवला. तिथल्याही दुकानदारांनी तसला माल पाहिला नव्हता. विकलेल्या बांगड्या कुठल्या तरी हातात दिसायला हव्यात. या कुणाच्याच हातात नव्हत्या.

तरीही हा पुरावा नव्हता. हवालदारांचे म्हणणे, मामांना ठाण्यात आणून दोन दिवस बसवावे. मला ते पटेना. बाजाराच्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो आणि म्हणालो, "मामा, एका वाडीत नवरीचा चुडा भरायचा आहे. चला माझ्याबरोबर."

कुठली वाडी ते त्यांना सांगावे लागले नाही.  मग त्यांनी पेटी खांद्याला लावली.

आमच्या भागात एक रीत होती. नवरीचा चुडा भरायला निघालेला बांगडीवाला वाटेत आधी आसरांना एक जोड वाहतो, मगच नवरीच्या घरी जातो. मामांनी ती आयुष्यभर पाळली होती. डोहापाशी आल्यावर त्यांचे पाय आपोआप थांबले. त्यांनी पेटी उघडली, हिरवा जोड काढला, आणि काठाशी वाकले.

ऊन सरळ पाण्यात शिरत होते. तळातल्या काचांवरून परतलेला उजेड त्यांच्या चेहऱ्यावर, पांढऱ्या सदऱ्यावर हलत होता, पोपटी, थरथरता. मी आणि हवालदार मागे उभे होतो.  मामांचा हात पाण्याच्या वर तसाच राहिला. जोड खाली ठेवता येईना आणि मागे घेता येईना. शेवटी ते तिथेच खडकावर बसले.

"मीच," ते म्हणाले.

मी त्यांच्याजवळ बसलो. "फोडल्या कशाला, मामा? दर कमी करायचा."

"एकदा दर उतरवला की बाया दर वर्षी वाट बघत बसतात, साहेब. संक्रांतीला कुणी घेत नाही. सगळ्या म्हणतात, थांब, उतरेल."

"मग वाटून टाकायच्या."

"वाटल्या तर ज्या एक-दोघी एरवी पुऱ्या दरानं घेतात, त्या पुढच्या खेपेला का घेतील? मी व्यापारी माणूस. असं करतात सगळे. कुणी जाळतो, कुणी पुरतो. बाजारात टाकल्या तर लोक अनवाणी चालतात, काच पायात जायची. म्हणून शिमग्याच्या सुमाराला इथं आणल्या. डोह खोल आहे, आणि आसरांचा आहे. त्यांच्याच पदरात घातल्या म्हणजे पाप लागणार नाही, असं वाटलं."

"पण मग अखंड का नाही टाकल्या?"

"पोरी बुडी मारून काढत्या आणि घालून फिरत्या." ते हळू आवाजात बोलत होते. "म्हणून गोणीत घालून आधी दगडानं… पाणी इतकं खाली जाईल असं वाटलं नव्हतं."

मग मी न विचारताच त्यांनी पुढचे सांगितले.

"ती बाई माझ्याकडे आली होती. म्हणाली, उरल्यात तर माझ्या पोरीच्या चुड्याला द्या, पावसाळ्यापर्यंत जळण आणून घालीन. मी नाही म्हटलं. त्यानंतरच फोडल्या. राहिल्या तर आणखी कुणी मागायला येईल, म्हणून."

मी जबाब लिहून घेतला. पण वाडीतल्या कुणाला वाचता येत नव्हते. ठाण्यातला कागद त्या बाईच्या काय उपयोगाचा? तसे मी मामांना सांगितले. वाडीत चला आणि तोंडाने सांगा, म्हणालो.

"मग माझ्या दुकानात कोण पाऊल टाकेल?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. मी उठून वाडीच्या वाटेला लागलो, आणि मागोमाग ते आले.

मारुतीच्या देवळापुढे माणसे जमली होती. नवऱ्या मुलाचे चुलते पारावर पागोटे मांडीवर घेऊन, शब्द मोडायच्या तयारीत बसले होते. मामांनी पेटी खाली ठेवली आणि उभ्यानेच सगळे सांगितले. काहीही लपवले नाही, ते जळणाचेही सांगितले.

 मग आज्जी उठली.

"आमी दर उतरायची वाट बगत हुतो, मामा, आन तू आमचा जीव टांगणीला लावलास. बदल्यात मागितलं आसतंस तर लुगडं बी दिलं आसतं पोरींनी."

 आज्जी चुलत्यांकडे वळली. "आन तुमी, पावनं? पागुटं काडून बसलायसा, ते घाला डोक्यावर. मांडव तुमच्याच पोराचा हाय."

चुलत्यांनी घसा साफ केला आणि पागोटे घातले. तेवढ्यावर लग्न वाचले. मला वाटले होते काही बोलणी होतील, शपथा होतील. तसे काही झाले नाही.

चुडा लगेच मुलीच्या घरी भरला गेला. आई रिवाजाप्रमाणे दाराआड उभी होती. असल्या वेळी विधवेने पुढे यायचे नसते. आज्जी आत गेली आणि तिला दंडाला धरून ओट्यावर आणून बसवले. "बस हितं," एवढेच म्हणाली. करणीवरून तिचे नाव पहिल्यांदा आज्जीनेच घेतले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते.

भरून झाल्यावर मुलगी रीतीप्रमाणे मामांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी पाय मागे ओढून घेतले. "तुझ्या आईच्या पड," ते म्हणाले.

खटला छोटा होता. मामांनी गुन्हा कबूल केला, न्यायाधीशांनी दंड केला, आणि वाडीच्या माणसांबरोबर त्यांनी स्वतः डोहात उतरून तळ स्वच्छ केला. त्यांचे दुकान बंद पडले नाही. संक्रांतीनंतर उरलेला माल ते पुढे वाड्यांवर नेऊ लागले, असे हवालदारांनी मला सांगितले. फुकट देतात की विकतात, ते मी कधी विचारले नाही.

डोहातून काढलेल्या तुकड्यांची गोणी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या खोलीत होती. निकाल लागल्यावर नेहमीचा हुकूम आला: मुद्देमाल नष्ट करण्यात यावा. मी सही केली. हवालदारांनी ठाण्यामागच्या जांभळाखाली खोल खड्डा खणून गोणी पुरली.

पुढे इतक्या वर्षांच्या नोकरीत तसले हुकूम पुष्कळ आले. बेवारस कापड, भांडी, पकडलेले धान्य. या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कुणी विचारले तर मला मोठे काही सांगता येणार नाही. इतकेच, की दर हुकमावर सही करण्याआधी मी वरिष्ठांना एक ओळ लिहून विचारत असे, हे कुणाच्या उपयोगी पडेल का. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असेच आले. काही वेळा 'हो' आले. त्या काही वेळांसाठी मी ती ओळ लिहीत राहिलो, आणि लिहिताना प्रत्येक वेळी मला तो डोह दिसे, आणि वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हलणारा पोपटी उजेड.