लोकरीच्या धाग्यावरचा लगाम

डिलिस प्रायस माझी शेजारीण. तिच्या आणि आमच्या शेतामध्ये एक ओढा आणि एक दगडी बांध, एवढंच. ट्रेगारन गावाच्या वरच्या डोंगरात कुणाचं तट्टू बिघडलं की ते डिलिसकडे आणायचं, हे मी लग्न होऊन इथे आल्यापासून बघत आले. लाथा मारणारी, पाठीवर बसू न देणारी, उधळणारी, सगळी यायची. त्यातही तोंडाची कडक तट्टं जास्त. म्हणजे लगाम ओढला की मान आभाळाकडे करून निघणारी, नाहीतर तोंडातलं लोखंडी कडियाळं दातात पकडून धावत सुटणारी.

ती कधी चाबूक उचलायची नाही, आणि गोड गोडही बोलायची नाही. खोगिरावर बसायची, लगाम दोन बोटांत धरायची, मिनिटभर गप्प राहायची आणि मग मालकाला सांगायची, याची डावीकडची दाढ टोचतेय, किंवा याची पाठ दुखतेय, तोंडाला काही झालेलं नाही. दात बघणारा माणूस येऊन तपासायचा तर तसंच निघायचं. लोक म्हणत हिला काहीतरी येतं. ती म्हणायची, येत काही नाही, हातांना कळतं.

एकसष्टाव्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि मग सहा महिने औषधाच्या बाटल्या चढवायला समुद्रकाठच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागलं. गाडी मीच चालवायचे. केस गेले आणि परत आले, तेही कोकराच्या लोकरीसारखे कुरळे. बोटांची जाणीव मात्र गेली ती आलीच नाही. शर्टाची बटणं लावता येईनात. एकदा चुलीच्या पत्र्यावर हात टेकला होता तर जळका वास आल्यावर तिला समजलं. डॉक्टर म्हणाले, या औषधाने काही लोकांचं असं होतं, जाणीव येईल कदाचित, कदाचित नाही. परत येताना गाडीत तिने मला हे सांगितलं, ते उद्या पाऊस आहे म्हणावं तसं.

रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. तिच्याकडे राहायला असलेली दोन तट्टं तिने मालकांना परत पाठवली, खोगिरं खुंटीवर टांगली आणि ती स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसली. तिचा भाऊ गेथिन, तोही बिनलग्नाचा, मेंढ्या सांभाळतो. ती दोघं त्याच घरात जन्मली आणि तिथेच राहिली. तो मला बांधावर भेटला की म्हणायचा, घरात कुणी राहतंय असं वाटत नाही. विचारलं की हो म्हणते, वाढलं की खाते.

तिचं रक्त तपासायला दर महिन्याला रोनवेन नावाची नर्स घरी यायची. पंचेचाळिशीची, ठेंगणी, बोलकी. तिने शरदातल्या घोडेबाजारात एक राखाडी तट्टू विकत घेतलं, सहा वर्षांचं, नाव बारिग. पहाटे गवतावर गोठलेल्या दवाला इथे बारिग म्हणतात, तसाच त्याचा रंग. बाजारात विकणाऱ्याने त्याचं तोंड पट्ट्याने घट्ट आवळून ठेवलं होतं, म्हणून ते गुणी दिसलं. घरी आणून रोनवेनने पट्टा सैल केला आणि सगळं बाहेर आलं. लगाम हातात घेतला की बारिग मान वर झटकायचा, जबडा वासायचा, जीभ कडियाळ्याच्या वर काढायचा, आणि मग कुणाच्या बापाने ओढलं तरी थांबायचा नाही. दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन काटेरी कुंपणातून गेला. तिच्या दोन बरगड्या ठेचल्या.

रक्त काढता काढता तिने हे सगळं डिलिसला सांगितलं आणि म्हणाली, बघाल का त्याला?

डिलिस म्हणाली, माझे हात गेले, हे माझ्याआधी तुला माहीत.

"हात गेले, डोळे तर आहेत ना? नुसतं येऊन बघा. नाही म्हणायचं तर बघून म्हणा."

डिलिस उठली. मी नंतर विचारलं, का गेलीस? तर म्हणाली, नाही म्हणत बसण्यापेक्षा जाणं सोपं होतं.

गेथिनने बारिगचं डोकं धरलं आणि तिने विजेरी लावून त्याचं तोंड बघितलं. कडियाळं बारीक तारेसारखं, तोंडापेक्षा बोटभर रुंद, आणि इतकं खाली लोंबत होतं की जीभ वर काढायला आयतीच जागा. ओठाच्या कोपऱ्यात जुना वण. आणि दाढेच्या पुढे, बरोबर जिथे लोखंड लागतं तिथे, वाटाण्याएवढा एक बिनकामाचा दात. दात बघणाऱ्याला बोलावून तो काढला. तीन आठवडे तोंडात कुठलंच कडियाळं घालायचं नाही असं डिलिसने सांगितलं, आणि बारिगला स्वतःच्या गोठ्यात ठेवून घेतला. रोनवेनला नोकरी होती, तिला रोज जमणार नव्हतं.

ते तीन आठवडे तिने त्याला डोक्याला बांधायच्या नुसत्या म्होरकीवर, लांब दोरीने रिंगणात फिरवला. चाल, थांब, वळ, सगळं तोंडी. दोरी माझ्या हातात, आवाज तिचा. मग जाड, रबर चढवलेलं, सरळ कडियाळं आणलं आणि पट्ट्याच्या एक भोक वर बांधलं. पहिले काही दिवस लगामच नाही. ते तोंडात घेऊन त्याने गवत खावं, उभं राहावं, बस.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग तिने लांब लगाम जोडले आणि त्याच्या मागून चालत त्याला हाकायला सुरुवात केली. दहा पावलं गेली असतील. बारिगची मान वर, जबडा उघडा, जीभ बाहेर. पहिल्या दिवसासारखंच. तिने थांबवलं, परत सुरू केलं, परत तेच. तिसऱ्या वेळी मी तिच्या हातांकडे बघितलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. विहिरीतून भरली बादली ओढावी तशी ती लगाम ओढत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

मी सांगितलं. तिने हातांकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाच्या वस्तूकडे पाहावं तसं. मग बादली पालथी घालून त्यावर बसली.

गेथिन बांधावर कोपर टेकून उभा होता. "तीस वर्षं लोकांवर ओरडलीस, हात हलका ठेवा, हात हलका ठेवा. आता तुझ्यावर ओरडायला कुणाला आणायचं?"

मला वाटलं त्याने हे बोलायला नको होतं. डिलिसने मान वर करून त्याच्या पायांकडे पाहिलं. बुटाच्या वर त्याचा लाल लोकरीचा मोजा उसवून लोंबत होता.

ती म्हणाली, "तो मोजा काढ."

त्याची लोकर उसवून तिने मला कडियाळ्याची कडी आणि लगाम यांच्या मध्ये एकेरी धागा बांधायला सांगितलं. दोन्ही बाजूंना. म्हणजे लगाम आता थेट कडियाळ्याला नव्हता, धाग्याला होता. जरा जास्त ओढलं की धागा तुटणार. जे बोटांना कळत नव्हतं ते डोळ्यांना दिसणार. बारिग उधळलाच तर म्होरकीला वेगळी दोरी होती, ती मी धरायची.

पहिल्या दिवशी धागा चौदा वेळा तुटला. गाठी मीच मारायचे, तिच्या बोटांना गाठ मारता येत नव्हती. थंडीने माझीही बोटं आखडायची. दुसऱ्या दिवशी अकरा. मग एक दिवस परत सोळा, का ते कळलं नाही. तुटला की ती थांबायची, मी बांधला की चालायची. मोजा संपला तेव्हा गेथिनने न सांगता दुसरा आणून दिला.

जानेवारी असाच गेला. मी घरी जेवताना नवऱ्याला सांगायचे की मला त्यात काही दिसत नाही, एक बाई आणि एक तट्टू चिखलात गोल फिरतात. फेब्रुवारीत मात्र मला फरक दिसला. धागा ताणला जायच्या आधीच ती हात पुढे सोडत होती. बारिगच्या कानांवर तिची नजर असायची. डावा कान मागे वळला की हात सैल. आणि ती ऐकत होती. रबर चघळल्याचा कचकच आवाज येतोय तोवर जीभ जागेवर आहे. आवाज बंद झाला की ती काही ओढायच्या आधी त्याला थांबवायची, तेही तोंडी. बारिगला समजलं होतं की मान खाली सोडली की तोंडातलं वजन जातं. त्याने मान वर करायची, आणि वर ओढणारं कुणी नसायचं. भांडायला समोर कुणी नाही म्हटल्यावर किती वेळ भांडणार?

एकदा मी मध्येच गेथिनच्या आजारी मेंढीबद्दल काहीतरी बोलत होते. ती माझ्यावर एकदम खेकसली, "गप्प बस गं, मला ऐकू येत नाहीये." मी दुखावले. घरी येईपर्यंत मला उमगलं नव्हतं की वर्षभरात ती पहिल्यांदा कुणावर तरी चिडली होती. दुसऱ्या दिवशी मी गेले तर ती पुन्हा तशीच, सपाट, ना राग ना लोभ.

मार्चमध्ये एका सकाळी तासभर एकही धागा तुटला नाही. बारिगचं तोंड मिटलेलं, ओठांवर पांढरा फेस, मान सैल. मी म्हणाले, झालं की गं. ती म्हणाली, माझं झालं, रोनवेनचं व्हायचंय.

रोनवेनला खोगिरावर बसवून तिच्याही लगामांना लोकर बांधली. तिने पहिल्या अर्ध्या तासात नऊ वेळा तोडली आणि हसत सुटली. डिलिस हसली नाही. रिंगणाच्या मध्ये उभी राहून तेच तेच सांगत राहिली. हाताने थांबवू नकोस. तू कंबरेतून थांब, श्वास सोड, मग तो थांबेल. नाही थांबला तर वळव. वळला की लगेच सोड. सोडायला उशीर केलास तर त्याला वाटेल वळून काही उपयोग नाही. दर शनिवारी, सहा आठवडे.

एप्रिलच्या शेवटी धागे काढले. रोनवेन फाटकातून बाहेर पडली, डोंगराच्या वाटेने दुडक्या चालीत गेली, वरच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत आली. उतारावर बारिगने एकदा मान झटकली, ते मला खालूनही दिसलं. तिने हात पुढे दिला आणि तो निवळला. अंगणात आल्यावर ती उतरली आणि त्याच्या मानेत तोंड घालून रडायला लागली. मलाही भरून आलं. गेथिन उगाचच फाटकाची कडी तपासत राहिला.

डिलिस खोगिराचा पट्टा सोडवायचा प्रयत्न करत होती. बक्कल बोटांतून निसटत होतं.

रोनवेन डोळे पुसत म्हणाली, "तुम्हाला आनंद नाही झाला?"

डिलिसने जरा विचार केला. "ठाऊक नाही. व्हायला हवा होता. काम नीट झालं हे दिसतंय मला."

"आतून काहीच नाही?"

"तू विचारलंस म्हणून बघितलं. काही सापडलं नाही."

रोनवेनने तिच्या हातातून बक्कल घेतलं आणि स्वतः सोडवलं. म्हणाली, "बरं. सापडलं तर सांगा. नाही सापडलं तरी मी रक्त काढायला येणारच आहे."

बारिग घरी गेला. अजूनही कधीतरी, वारा अंगावर आला किंवा रोनवेन थकलेली असली की, तो जीभ वर काढतो. तेव्हा ती उतरून थोडं पायी चालते. वर्ष झालं, कुंपणात कुणी गेलेलं नाही.

डिलिसच्या उजव्या अंगठ्याला थोडं कळायला लागलंय, गरम की गार एवढंच. डॉक्टर म्हणाले, यापुढे फार होईल असं धरू नका. ती आता एका वेळी एकच तट्टू घेते. सध्या एक काळी घोडी आहे, लगाम दिसला की गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पाठ करून उभी राहणारी. काल मी ओढा ओलांडून गेले तर डिलिस त्याच गोठ्यात, घोडीकडे पाठ करून, वर्तमानपत्र वाचत बसली होती. किती वेळ बसलीस विचारलं. म्हणाली, सकाळपासून, ती आपणहून वळेपर्यंत बसणार. चहा आणू का म्हटलं तर म्हणाली, आण, पण कप अर्धाच भर, भरलेला माझ्या हातून सांडतो.