डुक्करपंख्याचं पेटंट

आता काय सांगू तुम्हाला, माणसाने हुशार असावं, पण माझ्याइतकं नाही!

नागभीडजवळच्या गावात माझं वेल्डिंगचं दुकान अन् दीड एकर धान. वर्षभर घरात शिजतो तो तांदूळ याच बांधीतला, म्हणजे भाताच्या खाचरातला. पण लोंबी भरली, की रानडुकरं हजर! म्हणून मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पंखा केला, त्याला सायकलची चेन लावली. जोराचा वारा सुटला, की चेन स्टीलच्या ताटलीवर खडाडखाड! डुक्कर सोडा, पाहुणेही टिकेनात.

मग कोणीतरी डोक्यात भरवलं, पेटंट घ्या. नागपूरच्या वकिलाला फोन लावला. तो म्हणाला, "अर्ज जाईपर्यंत कोणाला दाखवू नका. आधी दाखवलं तर नाही ना?"

"छे हो!"

चहाच्या टपरीवर अर्धा तास हातवारे करून समजावलं होतं. पण ते काय दाखवणं झालं?

पंखा उपटला, बाजेखाली सरकवला, वर पोतं टाकलं. बायकोलाही पोतं उचलायची बंदी!

"अवो, मंग धानाचं काय?" सुमन म्हणाली.

"लोकं आपला शोध चोरतील!"

"अन् डुकरं धान चोरतीन, ते?"

बायकांना कायद्यातलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. मोठ्याने म्हणायची हिंमत कोणाची!

वकील आज पंख्याचा नकाशा मागे, उद्या फोटो मागे, परवा पुन्हा नकाशा. तिकडे पंधरा दिवसांत शिवारभर खडाडखाड सुरू! माझं डोकंच फिरलं. शेजारच्या बांधीत गजाननभाऊला गाठलं.

"काऊन भाऊ, माझी मशीन चोरली?"

"चोरली कायची? तुमीच तं टपरीवर शिकवलं! लय भारी मशीन हाय. एकबी डुक्कर येत नाई."

"मग जातात कुठी?"

गजाननभाऊने नुसतं माझ्या बांधीकडे पाहिलं.

धावत गेलो. अर्धी बांधी आडवी! आता मला सांगा, हा कायदा शोध करणाऱ्यासाठी आहे, की डुकरांसाठी?

मुकाट्याने बाजेखालून पंखा काढला अन् पुन्हा रोवला. वारा होता, पण मंद; पठ्ठ्या हलेना. शेवटी गजाननभाऊनेच येऊन पातं जरासं वाकवलं. लागला की गरगरा फिरायला!

"ही युक्ती कोणाची?" मी चिडूनच विचारलं.

"वहिनीची. कमी वाऱ्यात पंखा फिरत नाई, हे पह्यल्याच दिवशी ध्यानात आलं होतं त्यायच्या. पण तुमी म्हणे पोतंच उचलू देत नाई, म्हणून आमाले सांगितलं."