पंचवीस नंबरची वही

रविवारी सकाळी शिरीषचं कपाट आवरायला घेतलं. तिसऱ्यांदा... आधीच्या दोन्ही वेळा दार उघडून तसंच परत लावलं होतं.

शिरीष माझा धाकटा भाऊ. अडीच महिन्यांपूर्वी हार्टअटॅकने गेला. अयोध्या नगरच्या घरात आम्ही दोघंच राहायचो, दोघंही बिनलग्नाचे, दोघंही कमी बोलणारे. मी इथे कधी काही लिहीत नाही, पण हे कुणाला सांगावं ते सुचेना.

त्याला एकच नाद होता. कॉम्प्युटरवर फुटबॉलचा एक गेम... पण त्यात फुटबॉल खेळायचा नसतो. टीमचा मॅनेजर व्हायचं, खेळाडू निवडायचे आणि मॅच बघत बसायची.

सुरुवातीला तर मॅचसुद्धा दिसायची नाही, नुसत्या इंग्रजी ओळी यायच्या. मग काही वर्षांनी ठिपके पळायला लागले, मग माणसं. यात मजा कसली, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"दादा, हा गेम इंग्लंडमधल्या दोन भावांनी घरी बसून बनवला," हे त्याने मला किती वेळा सांगितलं असेल. मी पेपरातून मान वर न करता "हं" म्हणायचो.

दरवर्षी नवा गेम यायचा आणि तो दरवर्षी एक नवी वही करायचा. कुठला खेळाडू घेतला, कुठला विकला, कोण हरलं, सगळं त्यात. वहीच्या कडेला गेमचा नंबर, म्हणजे सालाचे शेवटचे दोन आकडे.

जुन्या वह्यांवर गेमचं नाव वेगळं आहे. कंपनी आणि बनवणारे वेगळे झाले तेव्हा नाव कंपनीकडे राहिलं आणि गेम बनवणाऱ्यांकडे, मग त्यांनी त्याला नवं नाव दिलं, असं तो म्हणायचा. मग खरा कुठला, असं मी एकदा विचारलं होतं... काय म्हणाला ते आठवत नाही.

तर रविवारी वह्या नंबरवार लावल्या. बावीस, तेवीस, चोवीस... आणि मग एकदम सव्वीस. पंचवीस नव्हती.

सगळं कपाट काढलं, पलंगाखाली पाहिलं. नाहीच. आणि मग लक्षात आलं की हे तेच वर्ष, ज्या वर्षी त्याला स्टेंट घातला होता.

म्हणजे त्या वर्षी त्याने खेळणं सोडलं होतं? इतकं बरं वाटत नव्हतं त्याला? भिंतीपलीकडे माझा भाऊ त्याची एकुलती एक आवड सोडून बसला आणि मला पत्ताही नाही... त्या वर्षी त्याच्या खोलीतून कीबोर्डचा आवाज यायचा की नाही, तेसुद्धा आठवेना. तीन दिवस हेच डोक्यात.

बुधवारी जवाहर चौकात गेलो. तिथे सलीमभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, शिरीषने पहिल्या सीडी त्यांच्याकडूनच घेतल्या होत्या. तेही हाच गेम खेळतात. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो, मग कसंबसं विचारलं, "शिरीष ने बीच में गेम छोड़ दिया था क्या? पच्चीस वाला?"

सलीमभाई माझ्याकडे बघतच राहिले. "छोड़ दिया? वो? अरे भाई साहब, पच्चीस वाला तो आया ही नहीं था! कंपनी ने ही कैंसल कर दिया. और डाँट हमको पड़ती थी. रोज आ के पूछते थे, खाँ, कब आएगा... जैसे हम दुकान के पीछे बना रहे हों."

"तो फिर?"

"फिर क्या, चौबीस वाला ही दो साल रगड़ा उन्होंने."

दुकानातल्या स्टुलावर बसलो. त्यांनी चहा मागवला.

घरी येऊन चोवीस नंबरची वही काढली. ती बाकीच्यांपेक्षा जाड आहे, मिटत नाही म्हणून दोन रबरबँड लावलेत. हे मी रविवारीही पाहिलं होतं... पण मागे कागद स्टेपल करून जोडलेत, तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

हॉस्पिटलमधून घरी आला त्याच आठवड्यातलं एक पान आहे. 'आज ३-१ ने जिंकलो. दादाची खिचडी अळणी. डॉक्टरने मीठ कमी सांगितलंय, दादाने बंदच केलं.'

पुढे एका पानावर त्या दिवशीची टीम, ४-४-२. त्याखाली लिहिलंय: 'दादाने आज परत विचारलं, चार आणि चार आणि दोन दहाच होतात, अकरावा कुठे गेला? मुद्दाम सांगितलं नाही. विचारू दे.'

हे मी खरंच विचारायचो. सगळी नोकरी कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये झाली, बेरीज चुकली की चैन पडत नाही. तो नुसता हसायचा.

सलीमभाईंना फोन लावला आणि अकरावा कुठे जातो ते विचारलं. हसू आवरेना त्यांना. "गोलकीपर, भाई साहब! वो तो रहता ही है ना, इसलिए उसको लिखते नहीं."

तीन दिवस ज्याची भीती वाटत होती तसं काही झालं नव्हतं... सलीमभाई, तुम्ही मराठी वाचत नाही, तरी इथे आभार मानतो.

मग पेन्सिल घेतली आणि त्याच्या ओळीखाली लिहिलं, 'गोलकीपर. बरोबर?'