आठ केबी कमी

आठ केबी म्हणजे नेमकी किती चोरी? दादाच्या कंपनीत सगळ्यांना विचारलं. कुणी सांगितलं नाही. उलट तिथलं जे कुणी भेटायला येतं, ते चहा पितं आणि एक किस्सा ठेवून जातं. आता इतके साठलेत की हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, कळत नाही.

दादा, म्हणजे दत्ता, महाळुंग्यात एका कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायचा. मी नववी नापास, आकुर्डीत पत्रा दाबायच्या प्रेसवर.

*

पहिला किस्सा गेटवरच्या पवारमामांचा. बाहेर जाणारा माल पासवर लिहिलाय तेवढाच भरला पाहिजे. पत्रा असो की पेनड्राइव्ह! दादा ड्रॉइंगची फाइल दुसऱ्या प्लांटला न्यायचा. पासवर ऑफिसनं लिहिलेली साइझ, आणि गेटवर तीच फाइल आठ केबीनं कमी.

"दत्ता, माल कमी भरतोय!"

"मामा, ऑफिसात फाइल पासवर्डच्या कुलपात असते. तिथं कुलपासकट मोजतात. इथं उघडी आहे."

"मंग कुलूपबी घिऊन ये की!"

हसले, पण रजिस्टरात लिहिलंच: 'आठ केबी कमी.' रोज लिहायचे. नियम म्हणजे नियम!

*

दादाच्या शेजारच्या टेबलावर सलीम. बॅकअपचा प्रोग्राम मूळ फाइल आणि कॉपी, दोन्हीकडची साइझ ताडून बघायचा, जुळायची नाही, की पुन्हा सगळं पहिल्यापासून कॉपी. सलीम म्हणायचा, "भाऊ, हे तर माझ्या सासऱ्यांसारखं आहे. कितीही द्या, कमीच!"

*

मग नवे साहेब आले. त्यांनी मामांचं रजिस्टर वाचलं.

"रोज आठ केबी बाहेर. कुणाला विकतोस?"

दादानं सगळं समजावलं. फाइल तेवढीच आहे, फरक कुलपाचा आहे.

"म्हणजे कुलूप चोरलंस?"

चौकशी होईपर्यंत दादाला घरी बसवलं.

*

घरी त्यानं लॅपटॉपवर एक रिकामी फाइल बनवली, कुलपाच्या फोल्डरमध्ये टाकली.

"आत किती?" त्यानं मला विचारलं.

"शून्य."

"आता बाहेरून, कुलपासकट बघ."

आठ केबी! मी ओरडलो, "अरे, हेच दाखव की त्यांना!"

"चौकशीत दाखवतो."

चौकशीच्या दिवशी लॅपटॉप पाठीला लावून गाडीवर निघाला. चाकण चौकात कंटेनर आला.

तेराव्यानंतर कंपनीचं पत्र आलं. 'आपण चौकशीस गैरहजर राहिलात. आरोप मान्य आहेत असे समजण्यात येईल.' आईनं मला मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी म्हणालो, "फंडाचं आहे काहीतरी."

*

परवा कंपनीत दादाचं सामान आणायला गेलो. डबा, स्वेटर, एक चार्जर. एचआरच्या मॅडमच्या केबिनमध्ये सलीम बसला होता. समोर टाइप केलेला कागद: दत्तानं डेटा बाहेर नेला, मी डोळ्यांनी पाहिलं. मॅडम त्याला सांगत होत्या, सही कर, नाहीतर तूही घरी बस.

सलीमनं माझ्याकडे बघितलंच नाही. "भावा, दोन पोरी आहेत रे."

मी कागद उचलला आणि फाडला. त्याचे तुकडेही फाडले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "फाडून काय होणार? कॉम्प्युटरमध्ये कॉपी आहे."

खुर्ची ओढली, सलीमच्या शेजारी बसलो.

"किती केबीची, मॅडम? बाहेरून सांगा, आणि उघडूनही सांगा!"